आर्क्टिक मंकीज : भाचीला कोणता अल्बम आधी ऐकवावा?

तळजाई

माझी भाची यंदा अकरावीत गेली. परवा जेवताना तिने सहज सांगितले की तिला आर्क्टिक मंकीज हा ब्रिटिश रॉक बँड फार आवडतो, आणि मला अगदी भरून आले. कारण २००६ सालापासून मी या बँडचा भक्त आहे आणि आमच्या घरात आजवर त्यांचा उल्लेख 'ती माकडे' याच्या पुढे गेलेला नाही. खोदून विचारले तेव्हा कळले की तिला त्यांची दोनच गाणी माहीत आहेत, 'आय वॉना बी युअर्स' आणि 'डू आय वॉना नो?'. दोन्ही २०१३ च्या 'एएम' या अल्बममधली आहेत, आणि त्यांतले पहिले तर तिने रीलच्या मागे वाजते तेवढेच, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट ऐकलेले आहे. तरीही तिने मला सरळ विचारले, "मामा, यांचे बाकीचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकू?"

मी अडकलो आहे. माझ्या मते सुरुवात पहिल्या अल्बमपासूनच व्हायला हवी. जानेवारी २००६ मध्ये 'व्हॉटएव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आय अ‍ॅम नॉट' आला, पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या ३,६३,७३५ प्रती खपल्या आणि पदार्पणाच्या अल्बमचा तिथला तोवरचा विक्रम मोडला. मी मात्र गुंतलो तो त्यातल्या बोलण्यात. शेफिल्डच्या हाय ग्रीन या उपनगरातली ही पोरे, त्यांतला गाणी लिहिणारा अ‍ॅलेक्स टर्नर नुकताच वीस वर्षांचा झालेला, आणि विषय काय, तर शनिवारी रात्री क्लबच्या दारावरचा पहारेकरी कोणाला आत सोडत नाही, परतताना टॅक्सीत कोणाचे डोके फिरते. हे सारे अशा घाईने सांगितलेले की गायकाला श्वास घ्यायचीही फुरसत नसावी.

'एएम'पर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. २०१८ चा 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो' आणि २०२२ चा 'द कार' हे अल्बम चांगले असतीलही, पण ते याच बँडचे आहेत असे मला मनापासून म्हणता येत नाही. भाचीला तिथपर्यंत न्यावे, की 'एएम'वरच थांबवावे?

रात्रपाळी

कालक्रमाने ऐकवा आणि मध्ये बोलू नका. सातही अल्बम साधारण चाळीस-चाळीस मिनिटांचे आहेत. स्वारगेटहून कोल्हापूरची एसटी धरली तर पोचेपर्यंत सगळे संपतात. रस्त्याचे काम चालू असेल तर पहिला पुन्हा एकदा ऐकून होईल.

ठेका

तळजाई, तुम्ही शब्दांकडे पाहत आहात म्हणून तुम्हाला २०१८ साली अचानक दरी दिसते. मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो आणि घरी, शेजारी परवानगी देतील तेव्हा, ड्रम वाजवतो, त्यामुळे मी हा बँड मॅट हेल्डर्सच्या हातांवरून ऐकतो. बँड जमला तेव्हा बाकीची वाद्ये वाटून झाली होती आणि ड्रम तेवढे उरले होते, म्हणून ते त्याच्या वाट्याला आले. अशा माणसाने पुढे 'ब्रायनस्टॉर्म' वाजवावे याचे मला अजूनही नवल वाटते. २००७ च्या 'फेव्हरिट वर्स्ट नाइटमेअर'मधले हे पहिलेच गाणे सुरू होते तेच टॉमवरच्या सलग घुमाऱ्याने, आणि तो घुमारा थांबेल असे वाटत असताना तो पुन्हा उसळतो. मी ते वाजवायला बसलो की दुसऱ्या मिनिटाला मनगटे बोलू लागतात.

आता भाचीला माहीत असलेले 'डू आय वॉना नो?' घ्या. मिनिटाला सुमारे ८५ ठोक्यांची लय, जड पावलांनी कोणी जिना चढावा तशी. मला वाटले होते की हे सोपे जाईल. प्रत्यक्षात 'ब्रायनस्टॉर्म'पेक्षा याच गाण्याने मला जास्त दिवस छळले, कारण दोन ठोक्यांमधली जागा रिकामी ठेवण्याला हातापेक्षा संयम लागतो, आणि आपल्या पथकांत तो शिकवला जात नाही. वर याच अल्बममध्ये मागून येणारा तो किनरा कोरसही हेल्डर्स आणि बेसवाला निक ओमॅली यांचाच आहे. म्हणजे २०१३ मध्येच हे लोक रॉक बँडसारखे वाजवणे सोडून हिप-हॉप आणि आर अँड बीच्या चालीवर डुलू लागले होते, पण गिटारची ओळ मोठी आणि ओळखीची होती म्हणून कोणाला ते खटकले नाही. 'ट्रँक्विलिटी'त शेजारच्या खोलीत तान्हे मूल झोपले असावे तसे तो वाजवतो, हे खरे. पण आवाज कमी करत जाण्याचे काम त्याने त्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते.

शेफिल्डची सून

माझ्या सासरच्या गावाचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. नाशिकहून लग्न होऊन मी इकडे आले त्याला चौदा वर्षे होतील. मुलगा शाळेत जाऊ लागला त्या पहिल्या आठवड्यात बाईंनी दारात सांगितले की आज तो जरा 'माडी' होता. मी हसून मान डोलावली आणि घरी येऊन नवऱ्याला विचारले की याची शाळा तर बैठी आहे, मग माडीवर कोण गेले. तो शब्द 'मार्डी' होता. पहिल्या अल्बममधल्या 'मार्डी बम' या गाण्यातला तोच हा शब्द, आणि त्याचा अर्थ फुरंगटलेला. 'रुसलेला' म्हटले तर त्यातला गालांचा फुगवटा निघून जातो. प्रेयसीला फुरंगटलेली म्हणणारे गाणे साऱ्या इंग्लंडने गायले, पण तो शब्द मुळात उत्तरेकडच्या आणि मधल्या इंग्लंडातल्या स्वयंपाकघरातला आहे. वऱ्हाडातल्या पोराने 'काय करून राहिला' हे शुद्ध न करता गाण्यात ठेवावे आणि मुंबईने ते डोक्यावर घ्यावे, असे काहीसे तेव्हा इथे झाले.

तळजाई म्हणतात तो धागा तुटण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. संथ चालीत, खर्जात, केस चोपून बसवून गाणे ही टर्नरने अमेरिकेतून केलेली उसनवारी आहे असे सगळे धरून चालतात. याच गावातला गायक रिचर्ड हॉली तेच करत आलेला आहे. त्याचा २००५ चा 'कोल्स कॉर्नर' हा अल्बम ऐका. शहराच्या मध्यावर जुन्या दुकानाचा जो कोपरा होता, जिथे लोक एकमेकांना भेटायला उभे राहत, त्याचे नाव या अल्बमला दिलेले आहे. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी दिले जाणारे २००६ चे मर्क्युरी पारितोषिक आर्क्टिक मंकीजना मिळाले तेव्हा हॉलीही स्पर्धेत होता, आणि टर्नरने व्यासपीठावर पहिले काय सांगितले असेल, तर पोलिसांना बोलवा, हॉलीला लुटले आहे. मला वाटते की 'द कार'मधला गायक त्या रात्री त्याच्या मनात आधीच होता. वीस वर्षांच्या पोराच्या गळ्यातून तो निघणे शक्य नव्हते, इतकेच.

अनुस्वार

सूनबाईंचा मुद्दा मोहक आहे, पण तो फारच उदार आहे. 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' हे गाणे कोणी काढलेच नाही याचे आश्चर्य वाटते. त्यात टर्नर एका स्थानिक बँडची टर उडवतो, कारण ते लोक कधी न पाहिलेल्या अमेरिकेची गाणी गातात, आणि तो त्यांना सुनावतो की तुम्ही न्यूयॉर्कचे नाही, रॉदरहॅमचे आहात. रॉदरहॅम हे शेफिल्डला खेटून असलेले गाव. म्हणजे चिंचवडच्या पोराने मॅनहॅटनच्या पावसावर उसासे टाकावेत आणि पिंपरीच्या पोराने त्याचे कान उपटावेत, असा तो प्रकार होता. मग हाच माणूस लॉस एंजेलिसला राहायला गेला, चामड्याचे जाकीट आणि एल्विसचा कोंबडा आला, २०१३ च्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात त्याच्या बोलण्यातला हेल कुठे गेला यावर चेष्टा झाली, आणि २०१४ च्या ब्रिट पुरस्कारांच्या वेळी रॉक अँड रोल कधी मरत नाही असे प्रवचन देऊन त्याने माइक खाली टाकला. ज्याने ढोंगाची चेष्टा करून नाव कमावले त्याला एवढे मोठे ढोंग माफ करायचे असेल तर करा, पण ते ढोंग होते एवढे तरी मान्य करा.

रात्रपाळी

माइकचे बिल पाठवून द्या असेही तो जाता जाता म्हणाला होता. ढोंगी असेल, पण उधारी ठेवणारा नव्हता.

जुना बाजार

ठेका यांच्याशी सहमत आहे, फक्त बदलाची ती खूण मी आणखी मागे, २००९ च्या 'हम्बग'वर ठेवीन. हा अल्बम मी तेव्हा परदेशातून येणाऱ्या मित्राकरवी आणवला होता. त्या वयात सहाशे-सातशे रुपयांची सीडी म्हणजे महिन्याच्या चहाचा हिशेब कोलमडत असे. संध्याकाळी खोलीचे दार लावून ती लावली, आणि दहा गाणी संपल्यावर मला फसवल्यासारखे वाटले. नाचायला काही नाही, घाई नाही, आवाज खाली गेलेला, आणि शब्द असे की कोण कोणाशी बोलते आहे ते कळेना. आठवडाभरात मी ती सीडी वर्गातल्या एकाला दिली आणि वर त्याला उपकार केल्यासारखा आव आणला. आठ-नऊ वर्षांनी लक्ष्मी रस्त्याजवळ जुन्या सीडींच्या ढिगात तोच अल्बम दिसला. माझीच सीडी असेल या भीतीने मी आतले पान उघडून पाहिले, नव्हती. घेतली, आणि तेव्हापासून सातांमध्ये मी याच अल्बमकडे सर्वांत जास्त वेळा परततो.

त्या अल्बमच्या आधी नेमके काय घडले ते पाहा. पहिले दोन अल्बम सव्वा वर्षाच्या आत आले. २००८ मध्ये टर्नरने माइल्स केन या मित्राबरोबर 'द लास्ट शॅडो पपेट्स' नावाचा दुसरा बँड काढला आणि त्या अल्बमात वाद्यवृंदाच्या तंतुवाद्यांची अक्षरशः रेलचेल होती. निर्माता कोण, तर जेम्स फोर्ड, आणि ड्रमही त्यानेच वाजवले. हाच फोर्ड 'फेव्हरिट वर्स्ट नाइटमेअर'चा सहनिर्माता होता आणि 'द कार'पर्यंतच्या प्रत्येक अल्बमवर त्याचा हात आहे. म्हणजे २०२२ मधल्या व्हायोलिनांनी चकित झालेल्यांनी २००८ मध्ये खिडकी लावून घेतली होती. पुढे बँड कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जोशुआ ट्रीजवळच्या एका स्टुडिओत गेला, क्वीन्स ऑफ द स्टोन एज या अमेरिकन बँडच्या जोश होमीने त्यांना बसवून घेतले आणि लय निम्म्याने उतरली. विशीतल्या पोरांनी तेव्हा हा उपद्व्याप केला नसता, दुसऱ्या अल्बमचेच तिसरे आणि चौथे पान उलटले असते, तर आज कोणी भाची त्यांची चौकशी करत बसली नसती.

अवांतर: अनुस्वार, केसांवरून माणसाला दोष देऊ नये. 'हम्बग'च्या काळात टर्नरचे केस खांद्यावर होते आणि आमच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुलांनी ते वाढवले होते. मी त्यांतला एक होतो. फोटो उपलब्ध नाहीत.

दोनच कॉर्ड

मी गिटार शिकवतो. शिकायला येणारी मुले पहिल्या महिन्यात दोन गाणी मागतात. एक हिंदी असते आणि ते दर वर्षी बदलते, दुसरे गेली काही वर्षे '५०५' आहे. 'फेव्हरिट वर्स्ट नाइटमेअर'च्या शेवटी असलेल्या या गाण्यात डी मायनर आणि ई मायनर असे दोनच कॉर्ड आहेत, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत. मुलांना ते शनिवारी दाखवले की रविवारी येते, आणि सोमवारी ती तक्रार घेऊन येतात की सर, आम्ही तेच वाजवतो पण तसे वाटत नाही. वाटणार कसे? मूळ गाण्यात सुरुवातीला ऑर्गनचे स्वर लांबवर पसरलेले आहेत, गायक कोणत्या तरी हॉटेलातल्या ५०५ क्रमांकाच्या खोलीकडे परत निघालेला आहे, आणि दोन मिनिटे उलटून गेल्यावर ड्रम आणि गिटार एकदम अंगावर येतात. कॉर्ड तेच राहतात. फक्त आवाज, वेग भासवणारे ड्रम आणि गळ्यातला ताण वाढत जातो. मी मुलांना सांगतो की पहिली दोन मिनिटे इतकी हळू वाजवा की घरच्यांना तुम्ही थांबलात असे वाटावे. ऐकतात ती थोडीच.

तळजाई, हे गाणे २००७ चे आहे, म्हणजे तुमच्या सुवर्णकाळातले. त्यात हॉटेल आहे, ऑर्गन आहे, एकटा माणूस आहे आणि घाई मुळीच नाही. पुढच्या हॉटेलसाठी त्यांना फक्त चंद्रावर जागा घ्यावी लागली.

चंद्रमौळी

माझ्या नावाला हाक मारल्यासारखीच झाली आहे, तेव्हा 'ट्रँक्विलिटी बेस'ची बाजू मी घेतो.

पहिली गोष्ट अनुस्वार यांच्यासाठी. या अल्बमचे पहिलेच वाक्य अशी कबुली देते की मला तर द स्ट्रोक्सपैकी एक व्हायचे होते. द स्ट्रोक्स हा न्यूयॉर्कचा बँड. म्हणजे २००६ मध्ये ज्याने इतरांना न्यूयॉर्कच्या नकलेवरून झापले, तोच बारा वर्षांनी सांगतो की ती नक्कल मलाही करायची होती. ढोंग असेल, पण ते त्याने कोणाच्या आधी स्वतःच पकडले आहे, आणि पुढची चाळीस मिनिटे तो एका उतरत्या नटासारखा, चंद्रावरच्या हॉटेलात जुनी गाणी म्हणणाऱ्या गायकासारखा बोलत राहतो. 'फोर आउट ऑफ फाइव्ह' या गाण्यात त्या हॉटेलच्या गच्चीवर मेक्सिकन टाकोंचे एक उपाहारगृह निघते आणि त्याला पाचपैकी चार तारे मिळतात. चंद्रावर जाऊनही माणूस पुनरीक्षणातले तारेच मोजणार, यापेक्षा आजचे आणखी काय लिहायचे? क्लबच्या दारातला पहारेकरी आणि तारे देणारे गिऱ्हाईक यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. टर्नर दोघांकडे सारख्याच तिरक्या नजरेने पाहतो.

दुसरे वाद्याविषयी. तिसाव्या वाढदिवसाला त्याला व्यवस्थापकाकडून स्टाइनवेचा एक उभा पियानो भेट मिळाला आणि लॉस एंजेलिसच्या घरी त्यावर बसून त्याने ही गाणी रचली. गिटारवर हात आपसूक सवयीच्या जागी जातो. नव्या वाद्यावर तसा जाऊ शकत नाही, म्हणून चाली अनोळखी वाटेने वळतात. मुखपृष्ठावर दिसते ते हॉटेलचे प्रतिरूपही त्याने स्वतः पुठ्ठा कापून केलेले आहे. अल्बम येण्याआधी एकही गाणे सुटे काढले नाही, सगळे एकदम ११ मे २०१८ रोजी ऐकायला ठेवले. 'एएम'नंतर पाच वर्षे जग दुसऱ्या 'एएम'ची वाट पाहत होते, आणि त्याच जगाला यांनी हे दिले. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध आत्मघात होता, आणि तरीही तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

मीही तो पहिल्यांदा दुपारी लोकलमध्ये ऐकला आणि कंटाळून बंद केला. पुढे एकदा वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रात्रभर बाकावर बसावे लागले तेव्हा दीड वाजता लावला. समोर चहाचे यंत्र, त्यावर 'बंद आहे' असा कागद, आणि कानात चंद्रावरच्या हॉटेलचे स्वागतकक्ष. त्या रात्री तो मी चार वेळा ऐकला. भाचीला तो दुपारी ऐकवू नका, एवढेच सांगतो.

महालक्ष्मीकर

द स्ट्रोक्सचा विषय निघालाच आहे म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये ते मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा मी गर्दीत होतो. माझ्या आजूबाजूला चाळिशीतली माणसे २००१ च्या पहिल्या अल्बमची वाट पाहत उभी होती. त्यांतली गाणी लागली की उड्या मारत होती आणि इतर वेळी मोबाइलवर घरी मुले झोपली का ते पाहत होती. मीही तेच करत होतो. एखादा बँड आपल्याला आवडतो तसाच राहिला तर त्याची मैफल ही आपलीच वाढदिवसाची पार्टी होऊन बसते. मजा आली, पण टर्नरने ती वाट धरली नाही याचे मला तिथे उभे असतानाच बरे वाटले.

रात्रपाळी

आर्क्टिक मंकीज महालक्ष्मीला आले तर 'ट्रँक्विलिटी'तली गाणी चालू असताना वडापावच्या रांगेत सर्वांत पुढे तळजाई असतील.

तळजाई

वडापाव मिळणार असेल तर माझी हरकत नाही.

गांभीर्याने सांगायचे तर, चंद्रमौळींचे म्हणणे वाचून मी काल रात्री तो अल्बम पाच वर्षांनी पुन्हा लावला. 'फोर आउट ऑफ फाइव्ह' मला या वेळी खरोखर आवडले, हे कबूल करतो. बाकीच्या गाण्यांत मात्र मला अजूनही तीन माणसे एका माणसाच्या स्वप्नात शांतपणे बसलेली दिसतात. जेमी कुकची गिटार कुठे आहे ते शोधावे लागते. पहिल्या अल्बमच्या शेवटी 'अ सर्टन रोमान्स' आहे, साडेपाच मिनिटांचे. त्यात शब्द संपतात आणि मग दोन गिटारी एकमेकींत गुंतून शेवटपर्यंत जातात. टर्नरला जे म्हणायचे होते ते तिथे चौघांनी मिळून म्हटले. मला ते चौघे हवे आहेत.

शेफिल्डची सून

मग तुम्ही 'द कार' नीट ऐकलेला नाही. जून २०२३ मध्ये हिल्सबरो पार्कला ते घरच्या मैदानात आले तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो; मुलगा आता 'माडी' होण्याच्या वयाच्या पुढे गेला आहे, किंवा त्याला तसे वाटते. त्या दौऱ्यात 'बॉडी पेंट'चा शेवट ते इतका लांबवत, की ध्वनिमुद्रणात पियानो आणि तंतुवाद्यांवर नाजूक चालणारे ते गाणे मैदानात कुक आणि टर्नर यांच्या गिटारींचे भांडण होऊन जाई. तुमचे चौघे तिथे होते. ध्वनिमुद्रणात ते मागच्या खोलीत बसतात, एवढेच. सफोकमधल्या बटली प्रायरी या जुन्या मठात ते एकत्र राहिले आणि या अल्बमचा बराचसा भाग तिथे मुद्रित झाला. मुखपृष्ठावर पार्किंगच्या गच्चीवर एकटी उभी असलेली गाडी आहे ना, तो फोटो हेल्डर्सने काढलेला आहे, आणि अल्बमला नाव त्या फोटोवरून मिळाले. ढोलकऱ्याच्या फोटोवरून ज्याचे नाव ठरते त्याला एकट्याचा अल्बम कसे म्हणायचे?

ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर न गेलेला त्यांचा हा एकमेव अल्बम, हेही खरे. त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा 'मिडनाइट्स' आला होता, तेव्हा त्या आठवड्यात दुसरा येणे म्हणजे महापुरात घराचा पाया शाबूत राहण्यासारखे आहे.

अनुस्वार

माझा मुद्दा मी अर्धा मागे घेतो. द स्ट्रोक्सवाली ओळ मी आजवर स्तुती म्हणून ऐकत होतो, कबुली म्हणून ऐकली नव्हती. माइक टाकण्याचे उरलेले अर्धे मात्र मागे घेणार नाही.

जुना बाजार

तळजाई, भाचीचे काय झाले ते सांगा. आम्ही सगळे स्वतःचीच सीडी वाजवत बसलो आहोत.

तळजाई

सांगतो. गेल्या रविवारी तिला पहिला अल्बम ऐकवला. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, तेराच्या तेरा गाणी तिने शब्द समोर ठेवून ऐकली, आणि शेवटी म्हणाली, "छान आहे मामा, पण सगळे फार घाईत आहेत." मला ते लागले. ज्या घाईवर मी वीस वर्षे जीव टाकला ती घाई तिला रविवारी दुपारी चारला कळणे अवघड होते, हे नंतर लक्षात आले.

पुढचा क्रम तिने स्वतःच ठरवला. नावे वाचून जे आवडेल ते. त्यात तिला 'हम्बग'मधले 'कॉर्नरस्टोन' सापडले. गोष्ट अशी की एक माणूस दुरावलेल्या प्रेयसीला शोधत एका पबातून दुसऱ्या पबात जातो, तिच्यासारखी दिसणारी प्रत्येक मुलगी त्याला तीच वाटते, आणि तो विचारतो की मी तुला तिच्या नावाने हाक मारू का. सगळ्या नकार देतात. शेवटी तिची सख्खी बहीण भेटते आणि ती म्हणते, हाक मार तुला हवी ती. भाची त्या जागी एवढ्या मोठ्याने हसली की स्वयंपाकघरातून माझी बहीण हातात लाटणे घेऊन बाहेर आली. मग तिलाही ती गोष्ट सांगावी लागली, आणि 'ती माकडे' अशी गाणी करतात होय, एवढे बोलून ती पोळ्या लाटायला परत गेली. जुना बाजार यांना हे ऐकून आनंद होईल, मला थोडा मत्सर वाटला. तो अल्बम मी तिच्या यादीत पाचव्या क्रमांकावर ठेवला होता.

'ट्रँक्विलिटी' अजून ऐकवलेला नाही. परीक्षा संपली की ती एक रात्र आमच्याकडे राहायला येणार आहे, तेव्हा चंद्रमौळींच्या सूचनेप्रमाणे अकरानंतर लावू. मी झोपून गेलो तर रागावू नका.

'मार्डी बम'चा अर्थ मात्र मी तिला सूनबाईंच्याच शब्दांत सांगितला. परिणाम असा की 'कॉर्नरस्टोन'वरून माझा चेहरा उतरलेला पाहून तिने मला 'मार्डी मामा' म्हणायला सुरुवात केली आहे आणि आता सारे घर तेच म्हणते.

शेफिल्डची सून

भाचीला सांगा की त्यातला 'र' उच्चारायचा नाही. इथे 'माऽडी मामा'च म्हणतील.